अभनपुरवर, दोन हजार फूट

१८ जानेवारी २००४, रविवार, संध्याकाळी ६
आज सोलो, शेजारी शिक्षक नाही. एकूण तास एकोणीस. चव्वेचाळिसाव्या वर्षी विमान शिकणारा सरकारी इंजिनिअर या नव्या राजधानीत मी एकटाच असणार.

राधिकाचं हळदीकुंकू आमच्या गच्चीवर होतं. बायकांना शब्द दिला होता, चारच्या सुमारास वरून जाईन म्हणून. फ्लाइंग क्लबने नेमून दिलेली जागा अभनपुरची, तिथेच घिरट्या घालायच्या. पण अभनपुरहून आमची चौबे कॉलोनी हवेतून दहा मिनिटं. गेलो. पंख हलवले. बावीस बायकांनी हात केले. वाणाचे स्टीलचे डबे वरून चमकत होते.

मध्येच विमानतळाच्या टॉवरने रेडिओवर जागा विचारली. अभनपुरवर, दोन हजार फूट, असं सांगितलं. थोड्या वेळापूर्वी होतोच. टॉवरमध्ये आपला अर्जुन होता, समोरच्या बिल्डिंगमधला. त्यांच्याकडे रडार नाही. पायलट सांगेल तिथे विमान आहे असं धरायचं, ही पद्धत.

परतताना दिल्लीचं विमान उतरत होतं आणि मी त्याला आडवा गेलो. खिडक्या दिसल्या. इतक्या जवळून दिसू नयेत. त्याने उतरणं सोडलं, वर चढला, चक्कर मारून पुन्हा आला. झालं काहीच नाही.

स्वेटर घालून, रजई ओढून बसलोय. थंडी असावी.

१९ जानेवारी
अर्जुनला टॉवरवरून उतरवून फाइलींवर बसवलंय. त्या कॅप्टनने तक्रार केली, समोर छोटं पांढरं विमान आलं. अर्जुनच्या वहीत छोटं विमान एकच, माझं, आणि ते अभनपुरवर. म्हणजे एक तर वही चुकीची, नाहीतर अर्जुनचं लक्ष नव्हतं. अठ्ठावीसला चौकशी आहे. दोषी ठरला तर टॉवर कायमचा सुटेल.

संध्याकाळी गेटवर भेटला. तू अभनपुरलेच होता ना, असं विचारलं त्याने. मी म्हटलं, आणखी कुठे असणार? संक्रांतीचे दिवस, कॅप्टनला मोठा पतंग दिसला असेल. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, लयच मोठा असन मंग.

किती विश्वास ठेवतो हा माणूस माझ्यावर.

२० जानेवारी
ठरलं. उद्या अर्जुनला सगळं सांगायचं. स्पष्ट, एका दमात.

२१ जानेवारी
आज अमावस्या. अशा गोष्टी अमावस्येला काढू नयेत. परवा.

२२ जानेवारी
दुपारी ऑफिसात एकदम आठवलं, गच्चीवर अर्जुनची आनंदीसुद्धा होती. मग विचार केला, बायका असल्या गोष्टी नवऱ्याला सांगत नाहीत. राधिकाला सहज विचारलं. ती म्हणाली, मी तर सगळं सांगते, तुमचंच लक्ष नसतं.

अर्जुनचंही नसेल.

२३ जानेवारी
क्लबच्या चीफसाहेबांनी बोलावलं. वाटलं, कळलं सगळं. निघालं भलतंच. रविवारी नव्या पोरांना लेक्चर द्यायचं, छोट्या विमानांनी मोठ्या विमानांच्या वाटेपासून दूर कसं राहावं. मीच का? तर त्या दिवशी सांगितलेल्या जागेवर होतो म्हणून.

नाही म्हटलं असतं तर संशय आला असता. शिवाय विषय माझ्याइतका कोणाला माहीत आहे? ड्रॉइंग शीटवर तक्ता काढला. मोठं विमान लाल, छोटं निळं, दोन्ही पुठ्ठ्याची कापून. कबुली लेक्चरनंतर, नाहीतर लेक्चरचा इफेक्ट जाईल.

२५ जानेवारी, रविवार
लेक्चर उत्तम सुरू झालं. टॉवरला आपण दिसत नाही, आपण बोललो तेवढंच दिसतं, हे वाक्य पोरांनी लिहून घेतलं. एका पोट्टीने विचारलं, सर, पर कहीं और जाने का मन हो तो? मी म्हटलं, टॉवरला विचारायचं. थांबायला सांगतील, नाहीतर जाऊ देतील. एका वाक्याचं काम आहे.

ते वाक्य मी बोललो नव्हतो. त्या विमानात शंभरावर माणसं होती. कोणीतरी आईसाठी शाल आणत असेल. निळं विमान लालच्या पुढ्यात धरून मी तसाच उभा राहिलो. मला माझी लाज वाटली.

शेवटच्या रांगेत अर्जुन होता. चहाला थांबला नाही.

२६ जानेवारी
झेंडावंदन. सुट्टीच्या दिवशी कोणाच्या घरी असलं काही घेऊन जाऊ नये.

२७ जानेवारी
गेलो. सगळं सांगितलं. अर्जुन पेपर वाचत होता, तो त्याने खाली ठेवला नाही. म्हणाला, मले अठरा तारखेलेच समजलं. आनंदी डबा घेऊन घरी आली अन् तेच सांगत बसली. म्या म्हटलं, शिरीष सोताच येईन सांगाले. आज येईन, उद्या येईन. नऊ दिवस वाट पाहून राहिलो. उद्या मीच सांगणार होतो.

मी म्हटलं, मग तेव्हाच मला काहून नाही विचारलं? तो म्हणाला, इचारलं होतं ना गेटवर.

मी रडलो. आनंदीने पाणी आणून दिलं. चहाचं कोणी विचारलं नाही.

२८ जानेवारी
लेखी दिलं. माझं उडणं सहा महिने बंद. अर्जुनला टॉवर परत मिळाला, पण नऊ दिवस माहिती दडवली म्हणून लेखी ताकीद. बारा वर्षांतली पहिली. तीही माझ्यामुळे.

यापुढे खोटं बोलायचं नाही. फोनवरसुद्धा नाही. कोणाशीच नाही.

१ फेब्रुवारी, रविवार
चार दिवस अर्जुन बोलला नाही. आज हिय्या करून मोबाइल लावला. म्हटलं, माफी मागायला येतोय. त्याने विचारलं, कुठी हायेस? मी म्हटलं, तुझ्या गेटवर.

फोनमध्ये त्याच्या चपलांचा आवाज आला, मग गॅलरीचं दार उघडल्याचा. तो म्हणाला, गेटवर कोनी नाही, शिरीष.

मी पलंगावर होतो. एका पायात मोजा घालून.