विजया समितीवर गेली

१२ जानेवारी १९९८
कलेक्टर ऑफिसचा शिपाई येऊन विजयाच्या नावाचं पत्र देऊन गेला. जिल्हा भ्रष्टाचार निर्मूलन समितीवर सदस्य म्हणून नेमणूक. महिला मंडळाचं काम बघून घेतलं म्हणे. मी दुकानातनं जेवायला आलो तर पत्र देवापुढं, आणि बाई त्याच्यासमोर हात जोडून.
म्हटलं, "सरकारला शेवटी आमचीच बायको सापडली व्हय?"
मी हसलो. ती नाही हसली.
एवढी वर्षं लोकांच्या घरांची वायरिंग करतोय. आधी साहेबाचं चहापाणी, मग मीटर. भ्रष्टाचार निर्मूलन! मला विचारा की.

२६ जानेवारी
झेंडावंदनाला दोघं गेलतो. तिला पुढची खुर्ची, मी मागं दोरीपाशी उभा. मंत्री म्हणाले, वर्षात जिल्हा स्वच्छ करून दाखवतो. माझ्या शेजारचे दोघे-तिघे फिसकन हसले. विजया डोळे पुसत होती.
मी दारू सोडतो म्हणालो तेव्हा हीच म्हणाली होती, "सोडल्यावर सांगा." सोडली. अजून शर्ट धुवायला टाकताना वास घेते. घर बांधू म्हणालो तर पाठ फिरवून भाकरी थापत राहिली. आणि या कुठल्या कोण माणसाच्या एका वाक्यावर…
माझ्या वाक्याला हिचे डोळे कधी भरले नाहीत.

९ फेब्रु.
पहिली मीटिंग झाली. घरात नवा माणूस शिरला: माने सर. रिटायर्ड प्रोफेसर, समितीवरच. लग्न केलं नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बिनसाखरेचा चहा. सर म्हणतात, लोकांनी तक्रार दिली तरच यंत्रणा हलते. सर म्हणतात, आपण संशयानं बघतो तिथंच हरतो. जेवण होईपर्यंत सरच.
आज हिनंही चहा बिनसाखरेचा घेतला. तोंड वाकडं करत घेतला, पण घेतला.

१७ मार्च
समोरच्या चहाच्या गाड्यावर गणपा टेलरनं सगळ्यांसमोर काढलं, "काय म्हंत्यात वैनी? सरकार सुधारलं का न्हाय अजून?" दुसरा म्हणाला, "पैलं चार टेबलांवर द्यायला लागायचं. आता समितीचं पाचवं टेबल वाढलं की!" सगळे खोखो. मीही हसलो, मोठ्यानं. नंतर चहा गोड लागला नाही.
घरी येऊन हे तिला सांगितलं. म्हणाली, "तुम्ही काय म्हणालात त्यास्नी?"
मी उठून हात धुवायला गेलो.

४ जून
माझं एका सरकारी शाळेचं वायरिंगचं बिल अडकलंय. साहेब रोज उद्या या म्हणतो. त्याला काय पाहिजे ते मला ठाऊक, त्यालाही ठाऊक. विजयाला कुठून कळलं कोण जाणे. म्हणाली, "तुम्हीच तक्रार द्या की समितीकडं. लेखी."
म्हटलं, "आणि पुढची कामं कोण देणार? तुझे माने सर?"
ती ताट उचलून आत गेली. नाव घ्यायला नको होतं.

११ सप्टें.
गगनबावड्याच्या बाजूच्या हिराबाई नावाच्या म्हातारीची तक्रार आलीय. पावसात घर पडलं, सरकारची मदत मंजूर आहे, पण तहसीलचा कारकून वाटा मागतो. विजया आणि माने सर चौकशीला एसटीनं गेले. मी तिकडं काम आहे म्हणून गाडी काढली. काम कसलं!
स्टँडवर धुकं, हाताचं बोट दिसंना. कँटीनच्या खिडकीला नाक लावलं तेव्हा आत दोघं दिसली. विजया बोलत होती, हात हलवत, जोरजोरात. सर ऐकत होते. बस्स, एवढंच. भजी पुढ्यात गार होत होती आणि तो माणूस नुसता ऐकत होता.
मी कधी असं ऐकलंय का तिचं? आठवंना.
तिथनंच परत फिरलो. तिला सांगितलं नाही.

२० ऑक्टो.
कारकून पैसे घेताना सापडला. हिराबाईंनीच दिले, सापळा लावून, खुणा केलेल्या नोटा. सस्पेंड. पेपरात फोटो: मध्ये म्हातारी, एका बाजूला सर, एका बाजूला विजया. गल्लीतल्या बायका ओवाळायला आल्या. गाड्यावरचे गप्प. गणपा तेवढा म्हणाला, "थांबा, येतोय बघा परत."
मी त्याच्या चहाचेही पैसे दिले.
तिनं फोटो कापून कपाटाच्या दाराला आतनं लावलाय. आमच्या लग्नाचा फोटो ट्रंकेत आहे.

१५ नोव्हें.
अंबाबाईला गेलो होतो. रांगेत उभा राहून मनात काय यावं? आई, तो कारकून परत कामावर येऊ दे. बिल पास होऊ दे असं नाही मागितलं. त्या हरामखोराची नोकरी मागितली. एकदा तो परत आला की विजयाला कळेल, मी म्हणत होतो ते खरं. मग ती माझ्याकडं…
दर्शन न घेताच बाहेर पडलो. चपला सापडायला वेळ लागला.

८ डिसें.
आला! कारकून परत आला. आणि तिकडं नाही, इथं शहरात, चांगल्या टेबलावर. गणपानं स्वतः बघितला. मी दुकान लवकर बंद केलं. येताना जिलबी घेतली. का घेतली विचारलं तर सांगता यायचं नाही.
जेवताना सांगितलं. वाटलं होतं, ती भांडेल, नाहीतर रडेल.
ती भाकरी वाढत म्हणाली, "मला कळून आठवडा झाला."
"मग बोलली नाहीस?"
"तुम्हाला आनंद झाला असता. तो मला बघायचा नव्हता."
जिलबी तशीच राहिली. झोपताना बघितलं तर मुंग्या.

१४ डिसें.
माने सरांनी राजीनामा दिला. असला कारकून परत येतो, मग इतकी वर्षं कॉलेजात शिकवलं त्याचं काय, म्हणाले. पुण्याला भाचीकडं जाणार. तिनं डोळे पुसले नाहीत. मी आज खूश व्हायला पाहिजे होतं.
विचारलं, "तू कधी देणार राजीनामा?"
"मी कशाला देऊ? हिराबाईची मदत अजून मिळाली नाही. कारकून बदलला, फाईल तिथंच."
म्हणजे सरांच्यासाठी जात नव्हती. मंत्र्याच्या वाक्यासाठीपण नाही. मग मी एवढे महिने जळलो कुणावर?

११ जानेवारी १९९९
आज मीटिंग. मीच म्हटलं, सोडतो. गाडीवर मागं बसली, खांद्यावर हात ठेवला. नेहमी सीटची कडी धरते.
कलेक्टर ऑफिसात कळलं, साहेब दौऱ्यावर, मीटिंग पुढं ढकलली. बाकीचे सदस्य आलेच नव्हते. तिला आधीच माहीत असणार असं वाटलं मला. ती म्हणाली, "लोक येतील. मी बसते आत." आणि मोकळ्या हॉलमध्ये जाऊन बसली. टेबलावर पदरानं धूळ पुसली.
मी निघायला पाहिजे होतं. व्हरांड्यात बाकावर बसून राहिलो. दारातनं तिची पाठ दिसत होती.
डोक्यावर गाठोडं घेतलेली एक बाई आली. "पावणं, त्या समितीच्या बाई हितंच बसत्यात न्हवं?"
"व्हय. आत हायत. जावा की."
"ऐकून घेत्यात म्हणं."
"घेत्यात."
ती दोन पावलं गेली, परत वळली. मी बसलोय ते बघून म्हणाली, "तुम्ही का भाईर? तुमचं बी कुणी अडवलंय काय काम? नंबर हाय तुमचा पैला?"
शाळेच्या बिलाचा कागद वरच्या खिशातच होता.
म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं."
ती आत गेली. विजयानं खुर्ची ओढून दिली तिला. दुपारपर्यंत दुकान उघडलं नाही.