सतरा नंबरची स्टिक

श्रीरामपूर,
३ जून २०२४

ती. माधुरीताईस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

तुझा फोन घरात सगळ्यांच्या हातात असतो, म्हणून पत्र. या पूल-बिलियर्ड्सच्या धंद्याचा मला वीट आलाय. पोरं तास-तास खेळतात, चहा पितात आणि जाताना स्टिकचे दोन तुकडे सुटे करून पँटमध्ये खोचून नेतात. शी! शेवटी सगळ्या स्टिकांवर नंबर कोरायला भांडीबाजारातल्या नाव घालणाऱ्याकडे दिल्या. त्या महाभागाने नंबर घातले आणि जन्माच्या सवयीने प्रत्येकीवर पुढे कोरलं, 'महेंद्र यांजकडून सप्रेम भेट'! लाकूड ते, खोडणार कसं?

हसू नकोस. परवा तुझा दीर रविराज खेळून गेला आणि आमच्या निकिताची स्टिक गेली. नंबर सतरा. महिनाअखेरीस पुण्याला तिची निवड चाचणी आहे आणि पोरीचा हात त्याच स्टिकवर बसलाय. मी आळ घेत नाही. तू फक्त घरात बघ.

माया आहे तेवढी राहू दे.

तुझा धाकटा,
महेंद्र

राहाता,
८ जून

चि. महेंद्रास,
सप्रेम जय भीम आणि अ. उ. आ.

स्टिका घेऊन भांडीवाल्याकडे जायचं तुलाच सुचावं! हसून घेतलं, पण तेवढंच.

शोधायची वेळच आली नाही. स्टिक बैठकीत टीव्हीच्या वर टांगली आहे. रविराज येणाऱ्या-जाणाऱ्याला अक्षरं वाचून दाखवतो की वहिनीच्या भावानं दिली. सासूबाई म्हणाल्या की तुझ्या भावाचं मन लई मोठं हाय. मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवते.

ह्यांना एकटं गाठून सांगितलं. हे म्हणाले की सगळं ठाऊक आहे, पण रविराजच्या लग्नाची बोलणी चालली आहेत, तू तोंड उघडायचं नाही. महेंद्र, निकिताला दुसरी घेऊन दे. मला याच घरात राहायचंय.

रागाव, पण दुरावू नकोस.

तुझी,
ताई

श्रीरामपूर,
१३ जून

ती. ताईस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

पत्र वाचून किळस आली. तुझी नव्हे, भाऊजींची. मी पोलीस चौकीतही जाऊन आलो. नंबर कसे घातलेत ते दाखवायला दुसरी एक स्टिक नेली होती. हवालदारांनी नंबर लिहून घेतला, पुढची अक्षरं वाचली आणि विचारलं की भेट दिलेली वस्तू चोरीला कशी जाते. सगळी चौकी हसली.

निकिताला खरं काय ते सांगितलं. वाटलं, रडेल. ती म्हणाली की जाऊ द्या पप्पा, आत्याला तिथं राहायचंय. मैत्रिणीची स्टिक मागून सराव करते आणि सोपे फटकेही चुकवते. तू काही करू नकोस.

आमची आठवण ठेव.

तुझा,
महेंद्र

राहाता,
२० जून

चि. महेंद्रास,
सप्रेम जय भीम आणि अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि मला माझीच लाज वाटली. रविवारी मुलीकडचे पाहुणे आले. रविराजने स्टिक खाली काढून भेटीचं पुराण लावलं. मी पोह्यांच्या बशा ठेवल्या आणि विचारलं की भेटीवर सतरा नंबर कशाला घालतात, आधीच्या सोळा भेटी कुठं आहेत? मुलीच्या वडिलांनी स्टिक हातात घेऊन नंबर वाचला. रविराज ती परत घ्यायला पुढे झाला. मग मीच सांगितलं की ही माझ्या भाचीची आहे आणि ह्यानं ती चोरली आहे. पाहुणे पोहे तसेच टाकून उठले.

ह्यांनी भावाला एका शब्दानं विचारलं नाही. मला मात्र म्हणाले की बॅग भर आणि माहेरी चालती हो. इतकी वर्षं ज्याच्या ताटात वाढलं, त्या माणसाची मला शिसारी आली.

स्टिक गोणपाटात गुंडाळून एसटीच्या ओळखीच्या कंडक्टरकडे देते आहे. हे पत्रही त्यातच आहे. निकिताला म्हणावं, मन लावून खेळ.

बॅग मी भरलेली नाही. ह्यांना सांगितलं की चोरी मी केली नाही, घर सोडायचं तर चोरानं सोडावं. मला न्यायला येऊ नकोस.

लोभ आहे, तो असाच राहो.

तुझी,
ताई