शेवटच्या खडकावरची हाक

१० जून, सोमवार

घर अगदी मनासारखे मिळाले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून धरणाची भिंत दिसते आणि तिच्या पायथ्याशी फेसाळणारी नदी. सामानाच्या खोक्यांपैकी आधी गळाच्या काठ्यांचे खोके उघडले. भांडी उद्या लावीन. मिलवॉकीत एका कागद गिरणीचे हिशेब तपासण्यात उमेदीची वर्षे गेली. उरलेला काळ स्मॉलमाउथ बास या एकाच माशाला द्यायचा आहे. अंगाने जुन्या पितळेसारखा, डोळे लाल, आणि गळाला लागला की आपल्या आकाराच्या दुप्पट भांडणारा.

रविवारी डुलूथहून माझी मुलगी मारेन येणार आहे. नऊ वर्षांची असताना तिने पहिला बास धरला, त्याला एक नाव ठेवले आणि पाण्यात सोडून दिला. ते नाव आम्ही तिच्या आईलाही सांगितले नव्हते. इथेही लिहीत नाही. तिची आई गेल्यापासून आम्ही बापलेक एका पाण्यात उभे राहिलेलो नाही. रविवारी राहायचे आहे. फोनवर म्हणाली, "बाबा, मी येईपर्यंत एक तरी धर. नाहीतर लोक म्हणतील, पोरीने काही शिकवलंच नाही."

११ जून, मंगळवार

येथील मंडळींशी ओळख झाली. व्हर्लिन स्कार हा निवृत्त वेल्डर, आणि आमिषांचे दुकान चालवणाऱ्या डोलोरेस बाई. धरणाखाली पाण्यात खडकांची ओळ आहे. प्रत्येकाचा खडक ठरलेला. नवा माणूस सर्वांत खाली, शेवटच्या खडकावर. हे मला रुचले नाही, पण नियम तो नियम.

दुसरा नियम मात्र मला आवडला. धरणाची दारे उघडण्यापूर्वी भोंगा वाजतो, आणि दोरी गुंडाळून होते न होते तोच पाणी कमरेशी येते. म्हणून भोंगा होताच वरचा माणूस खालच्याला नावाने हाक मारतो. खालचा 'आहे' म्हणतो आणि त्याच्या खालच्याला हाक देतो. ज्याला हाक मारली तो शेजारी येऊन पोहोचेपर्यंत हाक मारणाऱ्याने पाण्याबाहेर पडायचे नाही. एकदा आवाज दिला की त्या माणसाला घेऊनच वर यायचे.

डोलोरेस बाईंनी डोळ्यांदेखत तीन बास धरले आणि तिन्ही सोडले. मला काहीही नाही.

१२ जून, बुधवार

आजही रिकामा. रबरी खेकडा, पत्र्याचा चमकता चमचा, खरा गांडूळ, सारी आमिषे लावून झाली. व्हर्लिनने वरून विचारले, "काय हो हिशेबनीस, माशांकडे पावत्या मागताय का?" सगळे हसले. शेवटी दोरी ताणली गेली, आणि नेमका त्याच क्षणी भोंगा वाजला. मासा सुटला.

व्हर्लिनने मला हाक दिली, मी 'आहे' म्हणालो. पण संतापातही एक गोष्ट खटकली. सर्वांची खात्री होते, शेवटच्या माणसाच्या पलीकडची होत नाही. धुक्यात वळणाखाली कोणी परका उभा असला तर त्याला कोण सांगणार? पद्धतीतली ही त्रुटी मी तिथल्या तिथे दुरुस्त केली. खाली तोंड करून ओरडलो, "खाली कोणी आहे का?"

"आहे."

आवाज स्वच्छ आला. लवकर वर या, असे बजावून मी काठाकडे निघालो. मागून कोणी आले नाही.

काठावर व्हर्लिनने विचारले, हाक कोणाला मारली? मी सांगितले. त्याच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. माझ्या खडकाखाली डोह आहे, तिथे उभे राहायला तळच नाही, असे तो म्हणाला. डोलोरेस बाईंनी एवढेच विचारले, "तो वर आला का?" नाही म्हणालो. त्या काठ्या आवरू लागल्या. जाताना म्हणाल्या, "बोलावलंत आणि टाकून आलात. आता तो आपला आपण येईल."

१३ जून, गुरुवार

पूर्ण ओळ मोकळी. एकही माणूस नाही. धडधाकट माणसे एका प्रतिध्वनीला घाबरून घरी बसतात, याची मला चीड आली. आज वरचा चांगला खडकही घेता आला असता. तरीही मी माझ्याच खडकावर उभा राहिलो.

आणि बास लागला. पाण्याबाहेर उसळला, एवढा मोठा मासा मी आयुष्यात पाहिला नव्हता. भोंगा वाजलेला नव्हता. तरी मागून, व्हर्लिनच्या रिकाम्या खडकावरून, कोणी विचारले, "खाली कोणी आहे का?"

आवाज माझा होता. शब्द, चढउतार, अगदी तोच वैताग.

वळलो. खडक ओला होता, वर कोणी नव्हते. दोरी तुटलेली.

१४ जून, शुक्रवार

पाण्यात उतरलो नाही. काठावर बसून नवी दोरी बांधली. हात मोकळे राहावेत म्हणून फोन दगडावर ठेवून, मोठ्या आवाजात मारेनशी बोललो. ती खिदळत होती. म्हणाली, "बाबा, मी येते रे, तू जागा धर." शेवटचा खडक आपला, असे मी तिला सांगितले. बाकीचे सांगितले नाही. काय सांगणार?

संध्याकाळी गावातल्या खानावळीत दर शुक्रवारी मिळणारे तळलेले मासे खायला गेलो. व्हर्लिनने बाजूला नेऊन विचारले, नदीजवळ काय काय बोललात? त्याचे म्हणणे असे, की पाण्याजवळ बोललेले तेवढेच डोहातल्या 'त्याला' येते. न बोललेले येत नाही. मी ब्रँडी तशीच टाकून उठलो.

१५ जून, शनिवार

सकाळी धुके. स्वयंपाकघरात उभा होतो. नदीवरून —

"बाबा, मी येते रे, तू जागा धर."

तिचेच हसणे. पुन्हा. पुन्हा. खालच्या डोहातून नव्हे, पाण्यातून काठावर येणाऱ्या पायऱ्यांवरून.

मारेनला येऊ नको म्हणून फोन केला. उचलत नाही. पुन्हा केला. डुलूथहून येताना वाटेतल्या जंगलात फोन लागत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ती तर उद्या निघणार होती —

दुपारी तिचा निरोप आला. सकाळीच पाठवलेला, आत्ता पोहोचलेला. 'बाबा, एक दिवस आधीच निघते. घरी येत नाही, थेट पाण्यावर भेटू.'

धरणाकडे जातो आहे.

नंतर —

तिची गाडी काठावर आहे. पाण्यात उतरायची रबरी विजार, काठी, काही नाही आत. म्हणजे उतरली. धुके उठत नाही.

मी येण्याआधी तिला कोणीतरी बोलावले असणार. माझ्या आवाजात.

भोंगा सुरू झाला.

हाक मारली, "मारेन!"

"आहे."

शेवटच्या खडकावरून. आणि डोहाच्या बाजूनेही, "आहे." दोन्ही तिचेच. भीतीसुद्धा तिचीच.

हाक मी मारली आहे. या वेळी टाकून येणार नाही. दोन्हीकडे जाईन.

डोलोरेस बाई, व्हर्लिन — वही तिच्या गाडीच्या टपावर ठेवतो आहे. माझ्याआधी जी कोणी वर येईल तिला लगेच जवळ घेऊ नका. आधी विचारा, नऊ वर्षांची असताना धरलेल्या पहिल्या बासचे नाव काय ठेवले होते? ते या नदीजवळ कधीच बोललो नाही, त्याला येणार नाही. मारेनलाच येईल. बरोबर उत्तर —

पाणी आले. ती ओरडते आहे. उत्तर —