स्पीकर बंद पडल्यावर

११ मार्च, मंगळवार
सांगून टाकलं एकदाचं! नवरा खिडकीशी पाठमोरा बसून उशीवर ड्रमच्या काठ्या बडवत होता. म्हटलं, ‘रविवारी ताईकडे चाललेय. कायमची.’ काय म्हणाला? ‘बरं.’ मान वळवायचेही कष्ट नाहीत. एवढ्या वर्षांच्या संसाराला एक ‘बरं’!

१२ मार्च
किल्ली विसरले. बेल दाबून दाबून बोट दुखलं. हा आत टीव्ही बघत बसलेला, आवाज पार खालच्या दुकानापर्यंत. समोरच्या आजी म्हणाल्या, ‘जाऊ दे गं, कलाकार माणूस.’ कलाकार गेला खड्ड्यात.

१३ मार्च
ताईने त्याच्या उद्याच्या कार्यक्रमाची तिकिटं काढली. म्हणे, ‘कशापायी सोडतेयस ते एकदा बघून तरी घे.’ हिला कुणी सांगितलाय नसता उद्योग? मी औषधाच्या दुकानात नोकरी करते, कानात घालायला तिथलाच कापूस आणलाय.

१५ मार्च, शनिवार
कालचा कार्यक्रम. सभागृह तुडुंब, सगळी पोरं उभी, माझी चप्पल तुडवली. गाणारा केस उडवत किंचाळतोय, गिटारवाला उड्या मारतोय, आणि मागे आमचे हे — डोळे मिटून, घरात कधी दिसत नाही इतके खूश. अंगाचा तिळपापड झाला. कापूस काढून टाकला. म्हटलं, ऐकू दे तरी सवत कशी बोलते.

आणि खोटं कशाला लिहू — काय वाजवतो! गाणारा कितीही भरकटला तरी याचा ठेका ढळत नाही, गाणाराच परत येतो त्यावर. डावा हात इतका हलका, पीठ चाळावं तसा. मोठ्या ड्रमवरचा पाय थेट माझ्या छातीत वाजत होता. माझीच मान डोलायला लागली. त्याचाही राग आला.

तेवढ्यात स्पीकर बंद पडले. गाणं गेलं, गिटार गेली, सगळे थांबले. हा थांबला नाही. एकटा ड्रम, पूर्ण जोरात. लोक वेडे झाले, टाळ्यांनी ठेका धरला. शेजारचा म्हणतो, ‘बाप माणूस आहे हा!’ गाणं जिथे संपायचं तिथे याने शेवटचा घाव घातला आणि डोळे उघडले. बाकीचे हात खाली सोडून उभे. तेव्हा त्याचा चेहरा पाहिला मी. लोकांना वाटलं, मुद्दाम केलं. मला नाही वाटलं.

आज स्वयंपाकघरात त्याच्या पाठीमागे मोठं पातेलं आपटलं. समोरच्या आजी धावत आल्या. हा निवांत चहा ढवळत होता.

मेल्या, सांगायला काय जीभ झिजत होती? बेल, टीव्ही, मी बोलत असताना ते ‘हं, हं’ — मी उगाच जळत राहिले. आता तर जास्तच चीड आलीय.

१६ मार्च, रविवार
ताई खाली हॉर्नवर हॉर्न देतेय. दारातली बॅग बघून हा म्हणाला, ‘अगं, कुठे निघालीस? आणि येणार कधी?’

म्हणजे मंगळवारचं त्याला पोचलंच नाही. आता समोर उभं राहून, ओठ दिसतील असं, पहिल्यांदा सांगायचंय. आत येऊन हे लिहीत बसलेय.