मांडा हातावर असताना

माय, धाड गावच्या आठवडी बाजारात आपली चूल आता दर्शनी जागी आहे, हे तुला आधी सांगते. कुणाच्या मागच्या अंगणात नाही की गोठ्याशेजारी नाही. येणारा-जाणारा थांबून बघतो.

तू मात्र जन्मभर लोकांच्या लग्नात मागच्या दारानंच गेलीस. पुढं पंगतीत तुझ्या मांड्यांचं कौतुक चालायचं आणि तू मागं उपड्या खापराच्या धगीपुढं, कोपरापर्यंत हातांवर पुरणाचा मांडा फिरवत बसायचीस. एकदा मी मांडे शिकत असताना लग्नघरच्या मालकीणबाई आल्या. मी घाईनं घसरलेला पदर सावरायला गेले आणि मांडा फाटून चुलीत पडला. तू त्यांच्यादेखतच ओरडलीस, "मांडा हातावर असला की हत्ती आला तरी पाहू नको! पदर मागाहून घेता येते, फाटला मांडा जुडत नाही." केवढा राग आला होता मला तुझा.

तू गेल्यावर तुझं खापर मी सासरी आणलं. बाजारात चूल मांडली त्या पहिल्याच दिवशी मोठे दीर तरातरा आले. लाकडं सारणारे माझे घरधनी भावाला बघून उठून उभेच राहिले. भोवती ही गर्दी. माझ्या दोन्ही हातांवर मांडा, आणि नेमका तेव्हाच डोक्यावरचा पदर घसरतो. आमच्याकडे मोठ्या दिरापुढं सून उघड्या डोक्यानं उभी राहत नाही. "पदर घे अन् खापर उचल," ते म्हणतात. "घरची इज्जत बाजारात मांडली काय?" मांडा टाकला असता तर चूल तिथंच विझली असती, कायमची. मला तुझा आवाज ऐकू आला. हात फिरतच राहिले. "भाऊजी, बाजूले व्हा," मी म्हणाले, "चटका लागीन." मांडा खापरावर अलगद उतरला. कुठं चीर नाही की भोक नाही. गर्दीतली एक म्हातारी पुढं सरली, "हाच दे वं मले!"

दीर पाय आपटत गेले. आज त्यांचीच सून माझ्या शेजारच्या खापरावर मांडे करते, आणि ते समोरच्या बाकावर गरम मांड्याची वाट बघत बसतात. "आपल्या घरचंच हाय," असं पाहुण्यांना ऐटीत सांगतात. मला हसू आवरत नाही. तू हवी होतीस गं, अगदी पुढच्या बाकावर.

हे पत्र कुठं टाकणार? चुलीशेजारीच राहील. म्हणूनच धीर करून सांगते. पदर मागाहून घेता येतो म्हणालीस ना? त्या दिवशी मांडा उतरवला, हात पुसले, पाणी प्याले. पदर मात्र मी पुन्हा घेतलाच नाही, माय.