नमुना सदनिकेतली दुपारची झोप

१० जानेवारी

चि. धाकट्यास, अ. आ.

तुझं पत्र मिळालं. फोनवर बोललेलं पुराव्यात धरत नाहीत, म्हणून पत्रच लिहीत जा, हा तुझा हट्ट काही सुटत नाही. जन्मभर कोर्टात कारकुनी केलेल्या माणसाला सख्ख्या बहिणीचं म्हणणंही लेखी लागतं. तर घे लेखी.

माझं घर अजून झालेलं नाही. करारात लिहिलेली ताब्याची तारीख उलटून चौथं वर्ष लागलं. आम्ही घर घेणारे सगळे आता बिल्डरला लवकरराव म्हणतो, कारण काहीही विचारलं की त्याचं उत्तर एकच, लवकरच. आधी वाळू मिळत नव्हती, मग मजूर मिळेनात, आता म्हणे हवामान अनुकूल नाही. माझ्या चौथ्या मजल्याला भिंती आहेत. खिडक्यांच्या जागी भोकं आहेत आणि त्यांतून कबुतरं खुशाल ये-जा करतात. त्यांना ताबा मिळाला, मला नाही.

लेकीकडे माझं उत्तम चाललंय, असं मी सगळ्यांना सांगते. तुला खरं सांगते. नातीच्या खोलीत कपाटामागे माझी कॉट आहे. नात आता मोठी झाली. तिने दारावर पाटी लावली आहे, आत येण्यापूर्वी वाजवावे. मेट्रन असताना मी वॉर्डात पाऊल टाकलं की डॉक्टरसुद्धा खिशातले हात बाहेर काढायचे, आणि आता हातात चष्मा धरून मी दाराबाहेर उभी असते. तिचं काही चुकत नाही. लेक-जावई तर फार चांगले आहेत, पण सतत कुणाच्या चांगुलपणावर राहायचंही दडपण येतं. मला माझं दार हवंय. मी लावलं तर लागावं आणि मी उघडलं तरच उघडावं, असं.

कायद्याने काय करता येतं ते थोडक्यात कळव. आणि येतो येतो म्हणून किती महिने झाले? तुझा गुडघा कसा आहे?

तुझी वाट बघणारी,
ताई

१९ जानेवारी

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून वाईट वाटलं आणि कबुतरांपाशी हसूही आलं. आता कामाचं बोलतो.

तुझ्यासमोर मुख्य मार्ग दोन. पहिला म्हणजे प्रकल्पातून बाहेर पडून सगळी रक्कम व्याजासह परत मागायची. तारीख उलटली की हा तुझा हक्क असतो, बिल्डरची मेहेरबानी नव्हे. हा मार्ग सरळ आहे, स्वच्छ आहे, आणि तुझ्या वयाला शोभणारा आहे. पैसे हातात आले की माणूस मोकळा होतो. कुठेही राहू शकतो. लहान, शांत गावात, तळमजल्यावर, मागच्या बाजूला थोडी झाडं असलेल्या जागी माणसाची तब्येतही सुधारते. जिने नाहीत, शेजार चांगला, दवाखाना दोन पावलांवर. या मार्गाचा तू अगदी गंभीरपणे विचार कर.

दुसरा म्हणजे घर सोडायचं नाही आणि ताबा मिळेपर्यंत उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज घ्यायचं. तोही आहे.

दोन्हींसाठी गृहप्रकल्पांच्या प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे, पण एकाच वेळी दोन्हीकडे धावू नये. दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात जायचं तर बरेच घरधारक एकत्र लागतात, आणि तिथे कंपनीच बुडाली तर तुझं घर कबुतरांच्याच नावावर होईल.

गुडघा तसाच. जिना दिसला की रुसतो. थंडी सरली की नक्की येतो.

तुझा आज्ञाधारक (शक्यतो),
धाकटा

जाता जाता : आमच्या मागच्या खोलीला परवा फिकट निळा रंग दिला. डबा उरला होता म्हणून, बाकी काही नाही.

२ मार्च

चि. धाकट्यास, अ. आ.

थंडी सरली. तू काही आला नाहीस. तू आणि लवकरराव एकाच शाळेत होतात का रे?

मी अर्ज केलेला नाही. आधी रुग्ण स्वतः तपासायचा, मग औषध, अशी माझी पद्धत तुला माहीत आहे. म्हणून मी रोज जेवण झालं की बांधकामावर राउंड घेते. रखवालदाराच्या खोकल्याकडे लक्ष दिलं, मुकादमाला जखमेवर मळकं फडकं बांधल्याबद्दल झापलं. आता फाटकावर मला कुणी अडवत नाही, उलट विडी विझवतात.

फाटकाशीच विक्रीचं ऑफिस आहे आणि त्याला लागून नमुना सदनिका. काय सुंदर घर आहे म्हणून सांगू. पडदे, झुंबर, टेबलावर फळं. तिथला पलंग इतका वाईट अंथरलेला होता की मला राहवेना. मी चादर ओढून चारी कोपरे हॉस्पिटलसारखे घट्ट दुमडले. मग टेकून बघितलं. मग पडले. जाग आली तेव्हा एक नवरा-बायको पायथ्याशी उभे राहून मी किमतीत धरलेली आहे का, असं विक्रीच्या मुलीला विचारत होते. मी उठून त्यांना सांगितलं, गादी चांगली आहे, इमारतीचं मात्र अजून नक्की नाही. ते गेले ते परत आले नाहीत. तेव्हापासून मी दुपारी तिथेच पडते. कपाटामागे झोपण्यापेक्षा बरं.

याचा परिणाम झाला असावा. गेल्या आठवड्यात लवकरराव स्वतः आले, हार घातलेली किल्ली दिली आणि घर तयार आहे, माझी काहीही तक्रार नाही, अशा कागदावर सही मागितली. मी म्हटलं, रुग्ण बघितल्याशिवाय मी सही करत नाही, आणि जिन्याने वर गेले. ते निम्म्यात दम खात थांबले. वर खिडक्या बसल्यात, रंगही लागलाय. पण नळ कोरडे, आणि लिफ्टच्या जागी खोल खड्डा, त्यावर आडवी फळी. मी खाली येऊन किल्ली परत केली. त्या कागदावर लिहिलं, लिफ्ट नाही, पाणी नाही, ताबा घेतलेला नाही, आणि त्याखाली झोकात सही ठोकली. कागद फुकट गेल्यासारखं तोंड करून ते निघून गेले. जाण्याआधी त्याची एक प्रत मी मागून घेतली.

लेक म्हणते, आई तू चार मजले पोरीसारखी चढतेस, तुला लिफ्टचं काय एवढं? मी तिला म्हटलं, लिफ्ट पाहिजे म्हणजे पाहिजे.

आणि निळ्या रंगाचा उरलेला डबा एका अख्ख्या खोलीला पुरला, हे कौतुकच आहे.

राउंड संपवून बसलेली,
ताई

११ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तू कधी नव्हे ते कायद्याला धरून वागलीस, आणि तेही मला न विचारता. इमारत राहण्याजोगी झाल्याचं सरकारी भोगवटा प्रमाणपत्र नसताना दिलेली किल्ली म्हणजे ताबा नव्हे. त्या कागदावर नुसती सही केली असतीस तर पुढे भांडायला तोंड उरलं नसतं. तुझ्या शेऱ्याची प्रत आता आपल्या अर्जाला जोडायची. अर्ज सोबत पाठवतो. कोणता मार्ग निवडायचा ती जागा रिकामी सोडली आहे. पहिल्या मार्गाचे फायदे मागच्या पत्रात लिहिलेच आहेत, पुन्हा वाचून बघ.

पण ताई, त्या नमुना सदनिकेत झोपणं बंद कर. हात जोडून सांगतो. समोरचा वकील कशाचा काय अर्थ काढेल त्याचा नेम नाही.

लिफ्टसाठी एवढी का अडून बसली आहेस, हे मलाही कळलं नाही. तिथे वकील लागत नाही, स्वतःची बाजू स्वतः मांडता येते, पण सुनावणीला मी येतोच.

काळजीत असलेला,
धाकटा

२० जून

चि. धाकट्यास, अ. आ.

सुनावणीच्या आदल्या दिवशी तुझी तार यावी तसा निरोप आला, गुडघा सुजला, पुढच्या तारखेला येतो. जन्मभर लोकांना तारखा वाटल्यास, आता घरच्यांनाही वाटतोस. पण स्वतःची बाजू स्वतः मांडता येते, हे तूच कळवलं होतंस. लेकीला बरोबर घेतलं आणि गेले.

तू म्हणाला होतास तसंच झालं. लवकररावांच्या वकिलाने एक मोठा फोटो काढून दाखवला. नमुना सदनिकेच्या पलंगावर मी, तोंड उघडं, चष्मा छातीवर. वकिलाचं म्हणणं असं की अर्जदार बाई बिल्डरच्या जागेत महिनोन् महिने निवांत झोपत आहेत, म्हणजे त्यांना निवारा मिळालेला आहे, मग उशिराची झळ कसली? लेकीने लाजेने डोळे मिटले. माझंच चुकलं, तुझं ऐकायला हवं होतं.

मग मला त्या घराची आठवण आली. सुनावणी घेणाऱ्या साहेबांना मी म्हटलं, मी तिथे झोपले हे खरं आहे. पण त्या घरात एवढी एकच गोष्ट करता येते. नळ फिरवला तर नुसता फिरतो, मागे पाइप नाही. टीव्ही पुठ्ठ्याचा. टेबलावरची फळं मेणाची, एकदा भूक लागली म्हणून मी चावून बघितलं आहे. संडासात साहेब तुम्ही जाऊ नका, कारण तो कशालाच जोडलेला नाही. दवाखान्याच्या दर्शनी कपाटात बाहुली झोपवली तर तिला रुग्ण दाखल झाला म्हणत नाहीत. वकिलाला विचारा, ते तिथे एक रात्र काढतील का?

साहेबांनी वकिलाला खरोखरच विचारलं. वकील कागद चाळत बसले. मग साहेबांनी माझा शेरा असलेली प्रत हातात घेतली, दोनदा वाचली, आणि भोगवटा प्रमाणपत्र कुठे आहे असं लवकररावांना विचारलं. ते म्हणाले, लवकरच. तेव्हा साहेबांनाही हसू आवरलं नाही.

निकाल असा, की भोगवटा प्रमाणपत्रासह रीतसर ताबा मिळेपर्यंत उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मला द्यायचं. मी दुसरा मार्ग निवडला, धाकट्या. तुला आवडणार नाही, ठाऊक आहे.

शरमलेली पण जिंकलेली,
ताई

२९ जून

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

अभिनंदन. मेणाचं फळ चावणारी अर्जदार मी उभ्या नोकरीत पाहिली नाही.

मला न आवडण्याचा प्रश्नच नाही. घर तुझं, निर्णय तुझा. निकालाची प्रत जपून ठेव. इकडे सगळं ठीक. मागच्या खोलीत आता जुनी वर्तमानपत्रं ठेवतो.

तुझा,
धाकटा

६ डिसेंबर

चि. धाकट्यास, अ. आ.

दर महिन्याला व्याज द्यावं लागलं आणि हवामान एकदम अनुकूल झालं. भोगवटा प्रमाणपत्र मी डोळ्यांनी पाहिलं, प्रत लेकीच्या कपाटात ठेवली, नळ सोडून बघितले, आणि मग किल्ली घेतली. लवकररावांनी पेढ्यांऐवजी नमुना सदनिकेतला पलंग भेट म्हणून वर पाठवला. मी ठेवून घेतला. त्याचे कोपरे मीच घडवलेले आहेत.

आता नीट वाच. तुझं जानेवारीतलं पत्र मी परवा सामान लावताना पुन्हा काढलं. पैसे परत घेण्याच्या मार्गावर अख्खा परिच्छेद, आणि घर ठेवण्याच्या मार्गाला तोही आहे एवढंच. इतका पक्षपाती कारकून तुझ्या कोर्टात दुसरा नसेल. तुझी बायको गेल्यापासून तू त्या घरात एकटा कसा राहतोस, हे तू एकदाही लिहिलं नाहीस. ते तुझ्या निळ्या रंगाने लिहिलं. मला फार भरून आलं, आणि रागही आला. ताई, माझ्याकडे राहायला येतेस का, असं सरळ विचारता येत नव्हतं का?

मीही सरळ सांगितलं नाही म्हणा. एकट्या म्हातारीने दोन खोल्यांचं घर का घेतलं, हे तू कधी विचारलं नाहीस. मी चार मजले चढते. लिफ्ट माझ्यासाठी नव्हती रे. ती नसती तर तू दारात येऊन जिना बघून परत गेला असतास, म्हणून मी किल्ली परत केली.

लिफ्ट कालपासून सुरू आहे. मी तिच्यातून खाली-वर राउंड घेतला, कुठे हिसका बसत नाही. तुझा गुडघा वाकवावा लागणार नाही. तुझ्या खोलीच्या भिंती पांढऱ्या आहेत, तेव्हा निळा रंग उरला असला तर डबा घेऊन ये. नसला तरी ये. फक्त तारीख कळवू नकोस, निघून ये.

दारावर पाटी लावलेली नाही. तरी तुझ्या खोलीत येताना मी वाजवून येईन.

घरातून,
ताई