टोपणाला गेलेला तडा

४ मार्च, मंगळवार

शेठ आज माझ्याकडे बघून चक्क हसले. अडीच वर्षांत पहिल्यांदा!

कारण — स्पिरिट. आमच्या पारदर्शक शाईपेनांवर बोटांचे ठसे राहतात आणि दुकानदार कुरकुरतात. पॅकिंगच्या बायका कोरड्या फडक्याने पुसायच्या, पण ठसे जायचे नाहीत, उलट पसरायचे. मी म्हटलं, फडकं स्पिरिटमध्ये बुडवा. एक हात फिरवला की पेन काचेसारखं. आमच्या शेठनी, कृष्णकांतभाईंनी, ते उजेडात धरून फिरवून फिरवून बघितलं आणि मला म्हणाले, अगं पूर्वी, हे तुला आधी का नाही सुचलं?

मंगलाताई पॅकिंगच्या टेबलावरून काहीतरी म्हणत होत्या. वासाबद्दल असणार. मी पंखा लावून दिला.

क्वालिटी चेकर, तारापूर एमआयडीसी — पदाला शोभेलसं आज पहिल्यांदा काही केलं. माकुणसारला घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, पेनं पुसायला एवढं शिकलीस होय.

१२ मार्च, बुधवार

पुसलेल्या पेनांची खोकी इतकी बघतेय की त्यांना दृष्ट लागेल. माझीच.

२५ जून, बुधवार

पेनं परत आली. तीन खोकी!

टोपणाच्या तोंडाशी, जिथे आटे असतात तिथे, केसासारखा तडा. काहींचा पोटापर्यंत गेलेला. खोक्यात एक पत्र होतं, मासवणच्या एका शाळेतल्या बाईंचं. शाळा सुरू झाली त्या दिवशी त्यांनी पाचवीच्या सव्वीस मुलांना आमची पेनं भेट दिली. आठवड्यात नऊ जणांचे खिसे निळे. एका मुलीने घरी कळू नये म्हणून नवा युनिफॉर्म शाळेच्या नळावर धुतला आणि दिवसभर ओल्यात बसली. बाईंनी रागाचा एक शब्द लिहिलेला नाही. म्हणून जास्त लागलं.

शेठना संध्याकाळपर्यंत कारण हवं होतं. प्लास्टिकचा दाणा तोच, साचा तोच. मग उरलं काय — मशीन. गरम प्लास्टिक साच्यात पुरेसं निवू दिलं नाही, घाईने बाहेर काढलं, तर त्याच्या आत ताण राहतो आणि मग कधीतरी ते आपणहून तडकतं. पुस्तकातलं आहे, पाठ आहे. मी लिहून दिलं : ‘कूलिंग कमी पडल्याची शक्यता.’

शेठनी ‘शक्यता’ सोडून बाकी सगळं वाचलं.

२७ जून, शुक्रवार

सुजीतदादाला काढला.

टोपणांच्या मशीनवर अकरा वर्षं होता. कुंभवलीचा, कंपनीच्या भिंतीपलीकडेच घर. भांडला नाही. हातमोजे धुऊन स्टोअरमध्ये जमा केले. जाताना माझ्या टेबलाशी थांबला आणि एवढंच विचारलं, “मॅडम, तुमी कूलिंग मोजलं होतं ना?”

मी हो म्हटलं.

मोजलं नव्हतं.

३० जून, सोमवार

आज मोजलं. आधी मोजायला काय झालं होतं, ते मलाच विचारावं लागेल.

कूलिंग बरोबर आहे. मशीनमध्ये जुनी नोंदही राहते — मार्चपासूनची सगळी काढली. एकाही पाळीत एक सेकंद इकडेतिकडे नाही. कुठेच नाही!

मग पेनांच्याच मागे लागले. मशीनवरून ताजी चाळीस उचलली. टेबलावरून पाडली. आटे हात दुखेपर्यंत आवळले. एकावर मेहुल उभा राहिला, देखभालीवाला आमचा, चांगला ऐंशी किलोचा. पेन ढिम्म. तो म्हणाला, यह तो मुझसे भी मजबूत है. सगळे हसले, मीपण हसले, मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

१ जुलै, मंगळवार

गरम पाण्यात ठेवली, लगेच बर्फात. काही नाही. जेवताना आई म्हणाली, कोणाशी भांडून आलीस? म्हटलं, पेनाशी.

३ जुलै, गुरुवार

हे मी ज्याने लिहितेय ते पेन.

आमचंच आहे. टोपणात एक काळा ठिपका आहे म्हणून मी मार्चमध्ये बाद केलं होतं आणि घरी आणलं. ओट्यावरून दोनदा पडलंय. पूर्ण मे महिना स्कूटीच्या डिकीत भाजलंय. एकदा बाबा त्यावर बसले. तडा नाही. परत आलेली पेनं त्याच महिन्यातली, त्याच मशीनची, त्याच सुजीतदादाच्या हातची. मग याला असं काय झालं नाही, जे त्यांना झालं?

बाद माल पॅकिंगला जात नाही.

पॅकिंगला गेलं नाही म्हणजे पुसलं नाही.

पुढचा शब्द लिहायला हात होईना. आई दोनदा जेवायला बोलावून गेली. लिहिते — स्पिरिट.

४ जुलै, शुक्रवार

वीस पेनं स्पिरिटने पुसली, वीस नुसती. सगळ्यांची टोपणं सारखी आवळली. दोन खोकी माझ्या कपाटात, कुलूप लावून.

५ जुलै, शनिवार

अजून काही नाही. काही होऊ नये असं वाटतंय. काही झालं नाही तर मी सुटते. हे लिहिताना लाज वाटली, पण वाटतंय ते वाटतंय.

७ जुलै, सोमवार

नुसती वीस — सगळी धड. पुसलेल्या वीसपैकी तेरा पेनांना तडे. तेच तोंडाशी, तेच केसासारखे.

आता कळतंय ते असं : साच्यातून नीट निघालेल्या प्लास्टिकमध्येही थोडा ताण असतोच. टोपण आवळलं की आणखी थोडा. तेवढा ते जन्मभर सोसतं. वरून स्पिरिट लागलं की नाही सोसत. लगेच दिसतही नाही; खोक्यात टोपण सैलच असतं, रोज आवळायला लागल्यावर तडा उघडा पडतो. पेन चकचकीत होऊन दुकानात जातं आणि तिथून एखाद्या मुलीच्या खिशात.

मंगलाताईंना खोकं दाखवलं. त्यांनी एक टोपण हातात घेतलं, नखाने तडा चाचपला.

“मी मागच्या कंपनीत प्लास्टिकचे डबे भरायची,” त्या म्हणाल्या. “तिथे स्पिरिट लावू देत नव्हते. तडकतं म्हणायचे. तुमाला सांगितलं होतं मी. तुमी पंखा लावून दिलात.”

८ जुलै, मंगळवार

सुटल्यावर कुंभवलीला गेले. दोनदा स्कूटी वळवली, दोनदा परत आणली.

सुजीतदादा अंगणात सायकलचं चाक काढून बसला होता. त्याच्या बायकोने, नलूवहिनीने, खुर्ची दिली, चहा ठेवला. कोणी घालूनपाडून बोललं असतं तर सोपं गेलं असतं. मी सगळं सांगितलं. स्पिरिट माझं. कागद माझा. कूलिंग मोजलं नव्हतं, तेव्हा खोटं बोलले.

तो चाकाच्या तारा एकेक दाबून बघत राहिला. मग म्हणाला, “मशीन मला माहीत हाय, मॅडम. पण तुमी शिकलेली माणसं. तुमी कागदावर लिवलंत, मग मलाच वाटायला लागलं, आपला हात चुकला असंल. दहा दिवस तेच आठवत बसलोय, कुठली पाळी, कुठला दिवस.”

मग नलूवहिनीला म्हणाला, “ऐकलंस? माझं नाय चुकलेलं.”

ती आत गेली ती बाहेर आलीच नाही. चहा त्यानेच आणून दिला.

९ जुलै, बुधवार

शेठना सांगितलं. दोन्ही खोकी टेबलावर ठेवली. त्यांनी बघितली, दार लावून घेतलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, स्पिरिट उद्यापासून बंद कर, कूलिंगचा तो कागद फाडून टाक, झालं. ऑपरेटर बदलला असं आपण दुकानदारांना कळवलंय. आता पुन्हा नवीन काय सांगणार? तुझंही नाव राहील.

किती सोयीचं होतं! आणि मला नको वाटलं असं मुळीच नाही.

नवा कागद लिहूनच नेला होता. कारण : स्पिरिट. सुचवणारी : मी, पूर्वी, क्वालिटी चेकर. मशीन आणि ऑपरेटर : दोष नाही. खाली सही. तो पुढे केला आणि म्हटलं, मासवणच्या बाईंनाही हेच कळवणार आहे, सव्वीस नव्या पेनांसोबत.

शेठनी या वेळी कागद शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाले, जा आता.

१० जुलै, गुरुवार

काही नाही. शेठ माझ्या टेबलाजवळून गेले तेव्हा त्यांना भिंत फार आवडली.

११ जुलै, शुक्रवार

मासवणला पार्सल पाठवलं. सव्वीस पेनं, एकेक स्वतः बघितलेलं, मऊ कोरड्या फडक्याने पुसलेलं. ठसे आहेत थोडे. असू देत.

आईला आज सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, नोकरी जाईल का? म्हटलं, माहीत नाही. म्हणाली, बरं, मीठ दे इकडे.

१४ जुलै, सोमवार

सुजीतदादा परत आला. मशीनवर नाही — माझ्या टेबलावर. क्वालिटी आता तो बघणार. मला शेठनी पॅकिंगला बसायला सांगितलं. मी हो म्हटलं. मंगलाताईंनी सरकून जागा दिली.

संध्याकाळी मी भरलेलं पहिलं खोकं तपासायला त्याच्याकडे गेलं. त्याने सात पेनं परत पाठवली. मी उजेडात धरून एकेक बघितलं.

सातही बरोबर काढली होती.